शेऱ्याचा रकाना

दिनांक ३, सोमवार. सकाळी ११.१५

आजपासून रोजनिशी. वही कारखान्याच्या स्टोअरमधली आहे. निवृत्तीच्या दिवशी माझ्यासोबत घरी आली. (चोरी नव्हे. जुन्या नमुन्याची असल्यामुळे रद्दीतच जाणार होती.) रकाने छापील: दिनांक, वेळ, तपशील, शेरा, तपासणाऱ्याची सही. छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो, पण शेऱ्याचा रकाना कधी मोकळा सोडला नाही. माल कमी भरला तर तो का कमी भरला हे शेऱ्यात नीट लिहिलं की तपासणीसही मान डोलावतात. मान डोलावून निघून जातात.

घरचा कॉम्प्युटर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईकडून परत आला. पार गोगलगाय झाली होती त्याची. तिने त्यात वेगळीच सिस्टीम घातली, आता भुर्रकन सुरू होतो. आमची दोघांची लॉगिन वेगळी, पासवर्डही वेगळे. हिला पासवर्ड कशाला हवा ते कळलं नाही. घरात माणसं मोजून दोन.

संकल्प: या सिस्टीममधली काळी खिडकी शिकायची. चित्रांवर टिचक्या मारतात ती गिऱ्हाइकं. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करतात ते मालक. रोज सकाळी ही दवाखान्यात गेली की दोन तास. पंधरा दिवसांत पारंगत.

शेरा: आज सुरुवात झाली नाही. वहीला पुठ्ठा घालण्यात वेळ गेला.

दिनांक ४, मंगळवार. सकाळी १०.५०

आज मोठी झेप. हुकमाच्या आधी ‘सुडो’ असा एक शब्द लावायचा, की मशीन प्रशासकाच्या अधिकाराने काम करतं. म्हणजे मास्टर किल्ली. माझ्या कमरेला एकशे चौदा किल्ल्यांचा जुडगा असायचा. नुसत्या आवाजावरून सांगायचो, ही बेअरिंगच्या कपाटाची, ही रंगाच्या खोलीची. निवृत्त झाल्यापासून चालताना कमरेशी काही वाजत नाही, तेव्हा कुणी दुसराच चालतोय असं वाटतं. असो.

सुडो टाइप केलं. पासवर्ड दिला. मशीनने इंग्रजीत उत्तर दिलं. मथितार्थ असा: तुमचं नाव यादीत नाही. घडला प्रकार प्रशासकाला कळवण्यात आला आहे.

मशीन बंद केलं. प्लग काढला. का कोण जाणे, पंखाही बंद केला.

शेरा: चुकून बोट लागलं असं म्हणता येईल. (पासवर्डसकट? विचार करणे.)

दिनांक ५, बुधवार. रात्री ९.००

कोणाला कळवलं? हा प्रश्न सकाळपासून छळतोय. बेल वाजली. आतूनच विचारलं, कोण? वीजमीटर वाचणारा निघाला. त्याने मीटर वाचला आणि मग माझ्याकडेही जरा जास्तच वेळ पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोर नाही.

शेवटी लेकीला फोन केला. माझ्या एका मित्राच्या बाबतीत असं असं झालं, असं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, घाबरू नका. मी म्हणालो, मी कशाला घाबरू, मित्र घाबरलाय. ती म्हणाली, प्रशासक म्हणजे त्या मशीनचं मुख्य माणूस. आपल्या घरच्या मशीनची आई आहे. मी म्हणालो, मी मित्राच्या मशीनचं विचारतोय. ती म्हणाली, हो हो, मित्राच्या मशीनचीही आईच असेल.

म्हणजे माझी तक्रार हिच्याकडे गेली! संध्याकाळभर हिचं तोंड निरखलं. नेहमीसारखंच होतं. अहो, कपाळावर काही लागलंय का माझ्या, असं तिनेच विचारलं.

शेरा: दोन तासांचा अभ्यास झाला नाही. मन:स्थिती.

दिनांक ६, गुरुवार. सकाळी ११.३०

दुरुस्तीवालीकडे जाऊन जाब विचारला. घरातला कर्ता पुरुष यादीत नाही, हा काय प्रकार? ती एका मशीनची धूळ ब्रशने झाडत होती. मान वर न करता म्हणाली, काका, मशीन काकूंनी आणून दिलं, म्हणून नाव काकूंचं. तुम्हाला हवं तर काकूंना सांगा, त्या तुमचं नाव घालतील, दोन मिनिटांचं काम आहे.

काकूंना सांगा! साधा स्क्रू हवा असला तरी वर्क्स मॅनेजर माझ्याकडे मागणीपत्रक घेऊन यायचा, आणि त्यावर सही नसली तर मी त्यालाही परत पाठवायचो. आता मी स्वतःच्या बायकोकडे मागणीपत्रक घेऊन जाऊ?

शेरा: मागणार नाही. ठरलं.

दिनांक ७, शुक्रवार. दुपारी ४.१०

गेल्या महिन्याभरापासून एक गोष्ट लक्षात येतेय. ही डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, दीड वाजता घरी येते. जेवण, आवराआवर, आणि बरोबर तीनला कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन दार लावते. चारला बाहेर येते. आतून बोलण्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मध्येच हसते. कपाटातली रजई (नग एक) जागेवर नाही. ती तिने दाराला आतून टांगलीय. त्याआधी एक छोटं पार्सलही आलं होतं, त्याची नोंद मला दाखवलेली नाही.

कोणाशी बोलते? लेकीशी नव्हे, लेक त्या वेळी कामावर असते. विचारलं तर म्हणाली, काही नाही हो, जरा काम होतं.

एरवी हिचा आवाज घरात फारसा ऐकू येत नाही. पूर्वी खणखणीत होता. मला बढती मिळाली तेव्हा घरी चहापान ठेवलं होतं, हिने उभं राहून चार शब्द आभाराचे बोलून दाखवले. मी सहज म्हणालो, कारखान्यात एक भोंगा आहेच, आता घरातही आहे. सगळे हसले. चार-सहाच पाहुणे होते. हीसुद्धा हसली असावी. त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली.

शेरा: घराच्या सुरक्षिततेसाठी हिच्या फोल्डरची तपासणी आवश्यक. त्यासाठी अधिकार आवश्यक.

दिनांक ९, रविवार. दुपारी १२.२०

अधिकार मिळाले.

हकीकत अशी. प्रिंटर जोडायचाय, तो काळ्या खिडकीतूनच नीट जोडला जातो, तुझ्या लॉगिनमधून एकदा पासवर्ड दे, असं हिला सांगितलं. प्रिंटर जोडलेलाच आहे. हिने कारण विचारलं नाही. हात पदराला पुसत आली, खिडकीत पासवर्ड टाइप केला, आणि गॅसवर दूध आहे, तुमचं चालू द्या, असं म्हणून गेली.

एकदा पासवर्ड दिला की ही सिस्टीम काही मिनिटं पुन्हा विचारत नाही. दार उघडं राहतं. मला हे माहीत होतं. वाचूनच बसलो होतो.

११.४२ ला हिच्या खिडकीतून यादीत माझं नाव घातलं. एक ओळ. खिडकी बंद केली. ही परत आली आणि तिने विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं. बरं झालं, असं म्हणाली.

स्टोअरमध्ये माझा नियम होता: पाणी प्यायला गेलात तरी कुलूप लावून जा. एकदा एक मदतनीस दुसऱ्याच्या उघड्या दारातून आत शिरला होता. काही नेलं नव्हतं, नुसता आत उभा होता. त्याला मी पंधरा दिवस घरी बसवलं.

शेरा: ती वेगळी गोष्ट. हे माझं घर आहे.

दिनांक १०, सोमवार. रात्री ८.३०

प्रशासक म्हणून पहिला दिवस. सुडो लावून मशीनला तारीख विचारली. सांगितली. (सुडो न लावताही सांगते, पण रुबाब वेगळा.) भिंतीवरच्या घड्याळाशी मशीनचं घड्याळ जुळवलं. घड्याळच सात मिनिटं पुढे होतं, हे नंतर कळलं. परत जुळवलं.

संगणक-मागणीपत्रकाचा नमुना तयार करून दहा प्रती छापल्या. कोणाला काही नवीन हवं असेल त्याने दोन दिवस आधी भरून द्यावं. हिने एक घेतलं. पाठीमागे साबण, काडेपेटी, लसूण असं लिहून मला बाजारात पाठवलं.

शेरा: अंमलबजावणीला वेळ लागतोच.

दिनांक १२, बुधवार. दुपारी १२.५०

आज तपासणी केली. इथे एक तांत्रिक मुद्दा नोंदवून ठेवतो. दुसऱ्याच्या ताब्यातला माल तपासायचा तर स्टोअरच्या पद्धतीने तो आधी स्वतःच्या नावावर चढवावा लागतो. नावावर नसलेल्या मालाला हात लावणं ही शिस्त नव्हे. त्याप्रमाणे १०.५५ ला हिचं सगळं दप्तर, आतल्या फोल्डरांसकट, एका ओळीत माझ्या नावावर केलं. नुसतं पाहण्यासाठी याची गरज नव्हती असं आता वाटतंय. पण पद्धत ती पद्धत.

आत अकरा ध्वनिफिती होत्या. पहिली लावली.

ही गोष्ट वाचत होती. लहान मुलांचं पुस्तक. एक अस्वल नदीवरच्या पुलावर बसतं आणि नाव लिहून घेतल्याशिवाय कोणाला पलीकडे जाऊ देत नाही. ससा आला की हिचा आवाज बारीक आणि घाईचा. म्हातारी घोरपड आली की दमलेला. नदीचा आवाजही हिनेच काढलाय. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. हा आवाज मी ओळखला, कारण लग्न झालं तेव्हा हा घरात होता.

मग अस्वल बोललं. आधी दोनदा घसा खाकरला. मग, नियम म्हणजे नियम, असं म्हणालं. मग पुन्हा खाकरला.

तो माझा घसा आहे.

अकराच्या अकरा ऐकल्या. चहा गार झाला. अस्वल सगळ्यांत मजेशीर झालंय. एकदा मी मोठ्याने हसलो आणि मग आपण कोणाला हसलो ते लक्षात आलं.

दवाखान्यात ही पेशंटची नावं पुकारत नाही. उठून प्रत्येकाच्या खुर्चीपाशी जाते आणि हळू सांगते. एकदा तिला आणायला गेलो तेव्हा पाहिलं होतं. मला वाटलं होतं, दवाखान्याची पद्धत असेल. त्या चहापानाला चार-सहा नव्हे, दहा-बारा पाहुणे असावेत.

शेरा: फिती जशाच्या तशा आहेत. कोणाचंही नुकसान नाही.

दिनांक १३, गुरुवार. दुपारी ४.३०

तीनला ही खोलीत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली. म्हणाली, अहो, पासवर्ड घेतंय पण आत सोडत नाही. पडदा काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच विचारतं. मी जाऊन पाहिलं. खरंच तसं होत होतं. कारण मला लगेच कळलं. तिचं सगळं दप्तर माझ्या नावावर असल्यामुळे तिलाच तिथे शिरता येत नव्हतं.

हे सांगायचं म्हणून तोंड उघडलं. तोंडातून निघालं, तूच काहीतरी दाबलं असशील.

ती म्हणाली, असेल, मला त्यातलं काय कळतं. आणि खुर्चीत बसली. मग तिने मला सगळं सांगितलं. अंधशाळेच्या ग्रंथपाल बाई दवाखान्यात येतात. त्यांनी सहा जणींचे आवाज ऐकून हिला निवडलं. तेरा प्रकरणं आहेत, अकरा झाली, दोन राहिलीत. २१ तारखेला द्यायचंय. पार्सलात माइक होता, रजई आवाज घुमू नये म्हणून. वर्गात नऊ मुलं आहेत, ती रोज बाईंना विचारतात की अस्वल कधी येणार.

मी आश्चर्य दाखवलं. भुवया वर नेल्या. जरा जास्तच वर गेल्या बहुधा. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही हसाल म्हणून.

शेरा:

(नंतर भरणे.)

दिनांक १४, शुक्रवार. दुपारी ४.४०

संकल्प: दप्तर हिच्या नावावर परत करून मोकळं व्हायचं. हूं की चूं नाही.

एक ओळ लिहिली. मशीनने काही हरकत घेतली. दुसरी लिहिली. वरवरचं फोल्डर परत गेलं, आतला माल माझ्याच नावावर राहिला. द्यायच्या ओळीत ‘आतल्या सगळ्यासकट’ सांगायचं राहिलं. घेताना बरं आठवलं होतं. तिसऱ्यांदा लिहिताना, फिती पुसल्या गेल्या तर, असा विचार आला. थांबलो.

दुसरा संकल्प: आज तिला खरं सांगायचं. दीडला आली. जेवताना सांगणं बरं नाही. जेवणानंतर ती दमली होती. तीनला बंद खोलीच्या दाराकडे बघत बसली होती, तेव्हा तर मुळीच बरं दिसलं नसतं. दुरुस्तीवालीला बोलवते म्हणाली. मी म्हणालो, कशाला, मी आहे ना.

शेरा: योग्य वेळ मिळाली नाही.

दिनांक १५, शनिवार. सकाळी १०.००

झोपेतून उठता उठता मार्ग सुचला. एकट्या हिचंच दप्तर माझ्या नावावर दिसलं तर संशय येईल. सगळंच माझ्या नावावर असेल, तर ते धोरण ठरतं. प्रशासकाने सर्व मालमत्ता एकहाती घेतली, इतकंच.

९.३० ला संपूर्ण मशीन, मुळापासून शेंड्यापर्यंत, माझ्या नावावर केलं. मिनिटभर चालू होतं. मन हलकं झालं.

मग सुडो लावून हिचं दप्तर परत द्यायला गेलो, तर सुडोच म्हणतंय, माझा मालक तुम्ही असून चालणार नाही, मी काम करणार नाही. मास्टर किल्लीच माझ्या नावावर झाली आणि म्हणून कुठल्याही कुलपाला लागेना! मशीन बंद करून सुरू केलं. पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय, बस.

शेरा: सिस्टीम कच्ची आहे. पहिल्याच दिवशी मला शंका आली होती.

दिनांक १७, सोमवार. संध्याकाळी ५.००

पांढरी रेघ अजून लुकलुकतेय.

काल ही स्वयंपाकघरात मोबाइलवर बारावं प्रकरण वाचून पाहत होती. अर्ध्यात थांबली. अस्वलाचा आवाज लागेना म्हणाली. मी मुद्दाम एकदा खाकरलो, तिला आठवावा म्हणून. तिने चमकून पाहिलं. खोकला झालाय, असं सांगितलं. तिने आल्याचा काढा करून दिला. प्यायलो.

आज ती अंधशाळेत जाऊन आली. मुदत वाढवून मागितली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, मुलांना तारीख सांगून बसलेय हो, फार तर शेवटची दोन प्रकरणं दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ. ही म्हणाली, तसं करा, पण आधीची अकरा मशीनमध्येच आहेत आणि ती गेली असतील तर सगळंच दुसऱ्या कोणाकडून करा. माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. मोठ्या कष्टाने तोंड उघडलं होतं.

हे ती मला कपडे घड्या करता करता सांगत होती. मी दोन पायमोज्यांची जोडी लावत होतो. जोडी चुकली.

दुरुस्तीवालीला उद्या बोलावलंय. तिने बोलावलंय. मी आहे ना, असं मी यावेळी म्हणालो नाही.

शेरा: व्हायरस असू शकतो.

दिनांक १८, मंगळवार. संध्याकाळी ६.१५

दुरुस्तीवाली तीनला आली. चप्पल काढली, पाणी नको म्हणाली, खिशातून पेनड्राइव्ह काढून लावला. ही तिच्या शेजारी स्टुलावर. मी दारात, टांगलेल्या रजईला टेकून.

पाच मिनिटांत तिने फिती शोधल्या. अकराही शाबूत. आधी त्या बाजूला काढून ठेवल्या. हिने डोळ्यांना पदर लावला. मीही छताकडे पाहिलं.

मग दुरुस्तीवाली म्हणाली, सिस्टीम नव्याने घालावी लागेल, पण असं झालं कसं? मी म्हणालो, व्हायरस असेल. ती म्हणाली, बघू ना, इथे सगळी नोंद असते. आणि पडद्यावर एक यादी आणून मोठ्याने वाचायला लागली.

४ तारीख, १०.४२, काका, परवानगी नाही. १२ तारीख, १०.५५, काका, काकूंचं सगळं दप्तर काकांच्या नावावर. १५ तारीख, ९.३०, काका, सगळं मशीन काकांच्या नावावर.

मी म्हणालो, त्याचं असं आहे, सुरक्षिततेच्या दृष्टीने. ती म्हणाली, काका, कारण मशीन लिहीत नाही. कोणी, कधी, काय केलं, एवढंच.

मग ती नोंदींत मागे गेली. पण काकांना अधिकार आले कुठून? हां, हे बघा. ९ तारीख, ११.४२. काकूंच्या नावाने आहे. काकू, तुम्हीच यांना यादीत घेतलंत की.

मशीनच्या नोंदीत तिथे माझं नाव नव्हतं. खिडकी तिची, पासवर्ड तिचा, म्हणून नावही तिचं.

ही म्हणाली, नऊ तारीख, रविवार. मग थांबली. दूध, असं हळूच म्हणाली. आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. ती नुसती पाहत होती, ओळखीचं माणूस गर्दीत आहे का ते पाहावं तशी.

रजईचा काठ हातात धरून उभा राहिलो.

मग ती दुरुस्तीवालीकडे वळून म्हणाली, हो, मीच दिला असेन अधिकार. लक्षात नाही राहत हल्ली.

परक्या बाईसमोर तिने मला झाकलं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण चावलं होतं मी.

नवी सिस्टीम घालून झाल्यावर दुरुस्तीवालीने विचारलं, यादीत नावं कोणाची घालू? ही म्हणाली, दोघांची घाला.

शेरा: सुचत नाही.

दिनांक १९, बुधवार. दुपारी ४.१५

सकाळी ती दवाखान्यात गेल्यावर काळी खिडकी उघडली आणि यादीतून माझं नाव काढलं. मशीन नव्याने सुरू करून, नीट निघालं का पाहायला, सुडो लावून तारीख विचारली. उत्तर आलं: तुमचं नाव यादीत नाही. घडला प्रकार प्रशासकाला कळवण्यात आला आहे. प्लग काढला नाही.

तीनला ती रेकॉर्डिंगला बसली. मी दाराबाहेर स्टूल घेऊन बसलो. बेल काढून ठेवली, फोन उशीखाली. एकदा खोकला आला, तो गिळला.

आत जाण्याआधी तिने एकच विचारलं, सगळं ऐकलंत? मी म्हणालो, अकराही. ती दाराच्या कडीवर हात ठेवून थोडी थांबली. फार सुंदर झालंय, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी घसा खाकरला. ती आत गेली.

दिनांक २१, शुक्रवार. संध्याकाळी ५.४५

तेरा प्रकरणं पोचली. आत्ता ही लेकीला फोनवर सांगतेय. ग्रंथपाल बाईंनी लगेच पहिलं प्रकरण मुलांना लावलं. अस्वलाने घसा खाकरला तशी नऊही मुलं खाकरायला लागली. मग शाळा सुटेपर्यंत वर्गात तेच. एका मुलीने विचारलं, हे अस्वल खरं कुठे राहतं? ही म्हणाली, आहे ओळखीचं.

हे मी स्वयंपाकघरात भांडी विसळताना ऐकलं. मधे दोन दारं. तरी शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

आता ही वही पुन्हा नीट लिहितो. मशीन लिहितं तशी.

दिनांक ४, १०.४२. परवानगी नसताना मास्टर किल्ली लावून पाहिली.

दिनांक ९, ११.४२. हिच्या खिडकीतून, हिच्या पासवर्डवर, ही दूध बघायला गेली असताना, यादीत माझं नाव घातलं. प्रिंटर जोडलेलाच होता.

दिनांक १२, १०.५५. हिचं दप्तर माझ्या नावावर केलं. चोरून ऐकलं.

दिनांक १३, दुपारी ३.१०. तूच काहीतरी दाबलं असशील, असं हिला म्हणालो. (याची नोंद मशीनमध्ये नाही.)

दिनांक १५, ९.३०. लपवण्यासाठी सगळं बिघडवलं.

दिनांक १८, ३.४०. गप्प राहिलो. (ही नोंदही मशीनमध्ये नाही.)

सोळा वर्षांपूर्वी, बढतीच्या चहापानाला, सोळा पाहुण्यांसमोर, हिला भोंगा म्हणालो. सगळे हसले. ही हसली नव्हती. मी पाहिलं होतं.

शेरा: नाही.

वही कॉम्प्युटरच्या टेबलावर उघडी ठेवतोय.

दिनांक २२, शनिवार. सकाळी ९.३०

ही दवाखान्यात गेली. वही होती तशीच उघडी आहे, फक्त पेन जागेवरून हललंय. तपासणाऱ्याच्या रकान्यात हिची सही आहे. शेऱ्यात मी लिहिलेल्या ‘नाही’च्या खाली, हिच्या अक्षरात, एकच ओळ: पाहुणे सोळा नव्हते, बावीस होते.